तिसऱ्या घरातला चोर

आमच्या मालकांना कुणी नुसता राम राम घातला तरी ते तो लगेच घेत नसत. आधी घालणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि विचारत, "काय काम काढलं?" काही काम नाही म्हटलं तर पंचाईत जास्तच. बिनकामाचा राम राम त्यांच्या मते सगळ्यात महागात पडतो. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेलो त्या दिवशी नवखेपणानं वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेलो, तर ते दोन पावलं मागं सरकले. मी पाय ओढतो की काय, असं त्यांना वाटलं असावं.

मालक म्हणजे घरमालक. छावणीतल्या एका अरुंद गल्लीत त्यांचं घर होतं, आणि त्यातली रस्त्याकडची खोली मला आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी मिळवून दिली होती. हेडमास्तर स्वतः त्याच गल्लीत राहत. नवा मास्तर नजरेखाली असलेला बरा, असा त्यांचा विचार असणार. पोलिस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. मी परभणीकडून औरंगाबादला नवानवा आलेलो. नोकरी कच्ची, अक्कल त्याहून कच्ची.

निजामाच्या अमलात मालक नहरीच्या खात्यात होते. तेव्हा गावाच्या पोटातून जुन्या नळांनी पाणी फिरायचं, आणि मधे मधे बांधलेल्या उंच बंब्यांना कान लावून ते कुठं कमी पडतंय हे ओळखायचं, असं त्यांचं काम. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. मराठी बोलताना मधेच "तहकीकात करावी लागंल" म्हणत, आणि समोरच्याचा चेहरा उतरला की आणखी बारकाईनं बघत. रझाकारांच्या दिवसांत हिंदू म्हणून त्यांच्यावर पाळत होती. ॲक्शननंतर निजामाचा जुना नोकर म्हणून. दोन्हीकडून एवढा संशय जमा झाल्यावर तो खर्च कुठं करायचा? मालक तो गल्लीत सढळ हातानं वाटत. दूधवाल्याला ते त्याच्याच म्हशीचं दूध आधी प्यायला लावत. पोस्टमन पाकीट देऊन गेला की पाकिटाआधी पोस्टमनची पाठ निरखत. देवळात आरतीला सगळे डोळे मिटत तेव्हा मालक टक्क उघडे ठेवून उभे. "डोळे मिटले की चपला जातात," म्हणायचे. दुपारी आरामखुर्चीत डुलकी काढत तीसुद्धा एक डोळा अर्धा उघडा ठेवून. कुणासमोर त्यांनी दोन्ही डोळे मिटलेत, असं मी तरी पाहिलं नव्हतं.

आणि त्यांना दमा होता. थंडी पडली की धोत्र्याची वाळलेली पानं निखाऱ्यावर टाकून, डोक्यावर घोंगडी घेऊन ते धूर ओढत बसत. ओट्याच्या पायऱ्या चढताना मधल्या पायरीवर मुक्काम ठरलेला.

अशा माणसाची आणि बँडबाजाची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ते कारण मी झालो.

नोकरीच्या मुलाखतीत मी "बासरी येते" अशी एक थाप मारली होती. बासरी मला इतकीच येत होती, की ती कोणत्या बाजूनं फुंकायची ते ठाऊक होतं. पुढं शाळेनं एका मोडलेल्या पलटणीच्या बँडची वाद्यं लिलावात घेतली, आणि सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला शाळेचा बँड वाजवायचं हेडमास्तरांनी जाहीर केलं. बँड बसवणार कोण? बासरीवाले गुरुजी. त्या वाद्यांत एक कॉर्नेट होतं. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा बुटका भाऊ. वर तीन खटके, खाली पितळेच्या नळ्यांचा गुंता. ते मी घरी आणलं आणि दार लावून फुंकायला बसलो. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण कॉर्नेटमधून निघालं ते म्हातारी म्हैस उठताना निघतं तेवढंच.

दारावर काठी वाजली. मालक.

"गुरुजी, फुंकता तुम्ही इथं, अन् वारा येतो माझ्या अंगणात. अर्धी हवा मधेच कुठं जाती?"

मी म्हटलं, माझाच दम कमी पडत असेल.

"तुमची छाती बैलाची आहे. वाद्य दगाबाज आहे."

त्यांनी कॉर्नेट कानाला लावलं, बंब्याला लावत असतील तसं. बोटानं टिचक्या मारल्या. मग म्हणाले, हे माझ्याकडं राहू द्या, दुरुस्त करून देतो, फुकट. एव्हाना मी त्यांच्याच घरात तयार झालेलो होतो, विचारलं, "मग तुम्हाला काय मिळणार?"

ते मधल्या पायरीवर बसले. श्वास जुळवून घेतला.

"माझ्या दमात वाजलं पायजे," ते म्हणाले. "एक सूर. एकच. मंग घेऊन जा."

खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. ओटा चढताना ज्याची छाती भात्यासारखी करते तो माणूस कॉर्नेट वाजवणार? हेडमास्तरांना सांगितलं तर त्यांचा माझ्याहून कमी बसला. म्हणाले, "गुरुजी, पितळेचा भाव विचारून या बाजारात. आज नळी बदलंल, उद्या खटका. तुम्ही नजर ठेवा." अशा रीतीनं मी घरमालकाकडे शागीर्द म्हणून जाऊ लागलो आणि हेडमास्तरांकडे हेर म्हणून. दोन्ही कामांना लागणारी अक्कल एकच होती, आणि ती माझ्याकडे नव्हती.

मालकांचं म्हणणं असं, की वाजते ती आतली हवा. पितळ नुसतं कुंपण. कुंपण चकचकीत करून काय होणार? हवेचा रस्ता साफ पाहिजे आणि वाटेत एक भोक नको. मग फुंकणाऱ्याला जोर लावावा लागत नाही. ओठ हलवले की वाद्य बोलतं. "जोरात फुंकायला लावतं ते वाद्य नव्हं, सावकार." नळ्यांच्या आत हिरवा कळंक चढला होता. त्यांनी चिंचेचं पाणी भरून ठेवलं, दोरीला फडकं बांधून ते नळीतून ओढलं, पुन्हा ओढलं. आत आलेले पोचे शिशाच्या गोळ्या फिरवून सरळ केले. हे सगळं मला पटण्यासारखं होतं, म्हणून माझा संशय वाढला. मग ते सांगत, की वरातीत वाजलेलं वाद्य अमावास्येला बोलत नाही, कांदा खाल्लेल्या माणसानं फुंकलं की सूर आठ दिवस रुसतो, आणि ह्या कॉर्नेटचा पहिला धनी डावखुरा होता. "कशावरून?" मी विचारलं, तर माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "तुम्हाला कशाला पायजे?" हे ऐकल्यावर मात्र मला थोडं बरं वाटायचं. वेडा माणूस चोर नसावा, अशी माझी समजूत होती.

त्यांच्या चिंचेनं माझं एक नुकसान केलं. म्हणजे चिंचेचा दोष नाही. कॉर्नेटचं आतडं धुतल्यावर ते जरा मोकळं झालं हे मी पाहिलं आणि मनात म्हटलं, शाळेतलं क्लॅरिनेट का मागं ठेवा? क्लॅरिनेट लाकडाचं असतं ही गोष्ट मला माहीत होती, पण तिचा काही उपयोग करावा असं सुचलं नाही. रात्रभर ते चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवलं. सकाळी लाकूड फुगून सगळे सांधे एकजीव झाले होते. त्याचे तुकडे पुन्हा कधी सुटे झाले नाहीत. पेटीत मावेना म्हणून वाजवणारा ते छत्रीसारखं काखेत घेऊन फिरायचा. मालकांनी ते पाहिलं, हुंगलं आणि एवढंच विचारलं, "हे मुद्दाम केलं का?" मी नाही म्हटलं. ते त्यांना खरं वाटलं नाही. इतका मूर्खपणा चुकून होत नाही, असा त्यांचा अनुभव असावा.

मग धुराचे दिवस आले. कॉर्नेटच्या कर्ण्यात ओलं फडकं कोंबायचं, दुसऱ्या तोंडाला लोहाराकडून आणलेला लहान भाता जोडायचा, आणि धोत्र्याचा धूर भात्यानं आत दाबायचा. स्वतःच्या छातीनं ढकलायचा दम नव्हता म्हणून भाता. आत गेलेला धूर कुठून बाहेर येतो ते बघत मालक तासन् तास वाकून बसत. एका भात्यात सगळं दिसत नाही. धूर सगळीकडून आल्यासारखा वाटतो. दार-खिडक्या बंद, वारा नको म्हणून. मीही आत, हेर म्हणून. धोत्र्याचा धूर दमेकऱ्याला औषध असेल, हेराला नव्हे. त्या संध्याकाळी दौलताबादचा किल्ला खिडकीतून आत आला आणि माझ्या ट्रंकेवर बसला, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना अहवाल दिला, की मालक कॉर्नेटला विडी पाजतात. त्यांनी मला घरी जाऊन पडायला सांगितलं.

ह्याच दिवसांत मालक एक शब्द पुटपुटू लागले. जेवताना, ओट्यावर बसताना, माझ्या खोलीवरून जाताना. "चोर आहे. घरात चोर आहे." पहिल्या दिवशी मी माझी भांडी तपासली. दुसऱ्या दिवशी कळलं, की ते माझ्याकडे बघून म्हणतात. मग मी ट्रंकेला कुलूप घातलं. माझं कुलूप पाहून त्यांनी कपाटाला घातलं. त्यांचं मोठं पाहून मी खोलीला आणखी एक आणलं. शेवटी अशी वेळ आली, की आम्ही दोघं संध्याकाळी किल्ल्यांचे जुडगे कमरेला लावून समोरासमोर बसत, वाजायच्या त्या किल्ल्याच, आणि मधे कॉर्नेट मुकं.

त्याला मुकं राहायला आणखी एक कारण होतं. त्याचं माउथपीस, म्हणजे ओठांना लावायची चांदीचा मुलामा दिलेली छोटी वाटी, मी शाळेच्या कपाटात नेऊन ठेवलं होतं आणि आता ते सापडेना. त्याच्याशिवाय भात्यानं धूर सोडता येतो, ओठांनी सूर काढता येत नाही. मालकांना वाटे, शाळेनं ते मुद्दाम दडवलं. "मला वाजवू द्यायचं नाय तुम्हाला." हेडमास्तरांना खात्री, की ते मालकांनीच लांबवलं. "वाटी गेली, आता कॉर्नेट जाईल, बघत राहा." मला दोघांचंही पटे, ज्याच्याकडे बसलेलो असेन त्याचं.

तर एका दुपारी मधल्या सुट्टीत आम्ही सगळे मास्तर खोलीत डबे सोडून बसलेलो, हेडमास्तरही होते, आणि शाळेचा शिपाई आत आला. सगळ्यांना ऐकू जाईल असा मला म्हणाला, "गुरुजी, तुमच्या मालकाचा निरोप हाय. चोर सापडला म्हनं. तिसऱ्या घरात हाय. लगोलग या, अन् येताना मेण आणा."

खोलीत चवळीची उसळ चावल्याचा आवाजसुद्धा थांबला. मला एकदम सगळा उलगडा झाल्यासारखं झालं. "माउथपीसचा चोर," मी उभा राहून म्हणालो. "आमच्या गल्लीत. तिसरं घर." भूगोलाच्या मास्तरांनी विचारलं, मेण कशाला? मी म्हटलं, कुलपाच्या किल्लीचा ठसा घ्यायला असणार. कुलपांच्या त्या हंगामात मला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं.

मग मी बोटांवर मोजायला लागलो. मोठ्यानं. गल्लीच्या तोंडाशी टांगेवाल्याचं. मग कपडे शिवणाऱ्या दर्ज्याचं. मग...

तिसऱ्या बोटावर थांबलो, तेव्हा कळलं की बाकीचे माझ्या आधीच पोचलेत आणि कुणीच हेडमास्तरांकडं बघत नाहीये. सावरून घ्यायला म्हणून मी म्हटलं, दुसऱ्या टोकानं मोजलं तर कदाचित पिठाची गिरणी येईल; पण गिरणीला घर म्हणायचं का?

हेडमास्तर शांतपणे डबा बंद करून उठले. "चला," म्हणाले. "सगळे चला. झडती घ्या माझ्या घराची."

आम्ही नको नको म्हणत सगळे गेलो. घर जवळ होतं, दुर्दैवानं. हेडमास्तरीणबाई दारातच होत्या. अंघोळ नुकती आटोपलेली, हातात लहान आरसा, कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवत होत्या. एवढे मास्तर पाहून त्यांनी पदर सावरला. आणि मी खिडकीच्या फळीवर पाहिलं. लाकडी करंड्याशेजारी, खाली कापसाचा बोळा कोंबलेली, आत मेण भरलेली, चांदीची इवलीशी वाटी.

मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण हेरगिरीत मला मिळालेलं ते पहिलंच यश होतं. "तेच," मी म्हणालो. "सापडलं."

बाईंना काही कळेना. नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "अहो, हे तुमच्याच कोटात होतं की. कोट धुवायला काढला तेव्हा निघालं." मग जरा खालच्या आवाजात, पण आम्हाला ऐकू आलंच: "मला वाटलं, माझ्यासाठी आणलंय."

शाळेत कुणी चोरेल म्हणून हेडमास्तरांनीच ते खिशात टाकलं होतं आणि विसरले होते. त्यांनी वाटी उचलली, मेणासकट माझ्या हातात ठेवली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की उद्या सकाळी प्रार्थनेच्या आत कॉर्नेट शाळेच्या कपाटात पाहिजे. यापुढं एकही वाद्य शाळेबाहेर जाणार नाही. आणि त्या म्हाताऱ्यानं त्याला पुन्हा हात लावलेला आपल्याला चालणार नाही. बाकीचे मास्तर परतताना माझ्यापासून जरा अंतर ठेवून चालत होते.

शाळा सुटल्यावर घरी आलो. ऊन भिंतीवर चढलेलं. मालक अंगणात कॉर्नेट मांडीवर घेऊन बसले होते. एवढा उशीर का, हे विचारलं नाही. "मेण आणलं?" एवढंच.

मी वाटी पुढं केली. त्यांनी आधी मेण बघितलं, मग ते कशात आहे ते, मग मला. मी सगळं सांगितलं, उद्या सकाळचा हुकूमही. ते हसले नाहीत. वाटी फिरवून बघत म्हणाले, "हेडमास्तरचं घर तिसरं आहे व्हय? मला कुणी बोललं नाय." मग कॉर्नेट माझ्यापुढं धरलं. तीन खटके ज्या तीन उभ्या नळ्यांत वरखाली होतात, त्यांवर बोट ठेवत गेले. "हे पैलं घर. हे दुसरं. हे तिसरं." तिसऱ्याच्या बुडाशी, सांध्यात, केसाएवढी चीर होती. "धूर इथनं आला."

"मग चोर?" मी विचारलं.

"नहरीत पाणी गळायचं तिथं आम्ही चोरच म्हणायचो. नेतो तो चोर. माणूस असो का भोक."

इतके दिवस ते मला नव्हे, आमच्या मधल्या कॉर्नेटला म्हणत होते. मी कमरेच्या किल्ल्या सदऱ्याखाली सरकवल्या.

त्यांनी काडीनं वाटीतलं मेण काढलं, निखाऱ्यावर ऊन केलं आणि त्या चिरेत बसवलं. मेणात कुंकू मिसळलेलं होतं. पितळेवर लाल रेघ उमटली. वाटी धुतली, पुसली, जागेवर बसवली. मग ओठ लावले.

फुस्.

पुन्हा. तेच. मग त्यांना ढास लागली. छातीतून इतक्या शिट्या निघाल्या, की कॉर्नेटला लाजवतील. मी म्हटलं, मालक, राहू द्या. त्यांनी हातानंच गप्प केलं. सूर्य गिरणीच्या छपरामागं गेला. दम परत येईपर्यंत ते वाद्य उबेला धरावं तसं छातीशी धरून बसले. मग सावकाश, जोर न लावता, दिव्याला फुंकर लागणार नाही इतक्या बेतानं त्यांनी ओठ हलवले.

आणि ते बोललं. बारीक, किंचित कापरं, पण सूर. दर्ज्याच्या घरातून मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

मालकांनी झटक्यात कॉर्नेट खाली घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

"गुरुजी, खरं सांगा. वाजवलं कोण?"

मी म्हटलं, मालक, तुम्हीच. माझ्या हातात काय आहे? त्यांनी हात तपासले. माझ्या मागं बघितलं. मग माठाकडं बोट केलं.

"तोंडात पाणी भरा. गच्च. अन् त्या भिंतीपाशी जाऊन हुभं राहा. गिळायचं नाय."

मी गाल फुगवून भिंतीशी उभा राहिलो. आयुष्यात अनेकदा मूर्ख दिसलो असेन, पण इतका सोयीस्कर कधी दिसलो नसेन. त्यांनी एकदा खात्री करून घेतली, की गाल अजून भरलेले आहेत. मग कॉर्नेट उचललं.

सूर आला. पहिल्यापेक्षा लांब. अंगणावरून, भिंतीवरून, गल्लीत गेला. तिसऱ्या घरापर्यंतही पोचला असेल. संपला तेव्हा त्यांनी श्वास घेतला आणि तोच पुन्हा काढला. मला वाहवा म्हणायचं होतं, आणि तोंडात पाणी होतं. नुसती मान हलवली, जोरजोरात. ते त्यांना दिसलं नाही. मालकांचे दोन्ही डोळे मिटलेले होते.